हलवून बघा, साहेब

सुतारानं हात चालवावेत, तोंड नाही, हे माझी बायको लग्न झाल्यापासून सांगतेय. पण ऐकेन तर मी कसला!

गाडी तपासणीला उभी होती. जुनी मालवाहू व्हॅन. इंजिनाचं सगळं काम आमच्या लेकीचं, ती मेकॅनिक आहे. आणि आतला पलंग, ओटा, कपाट, टेबल माझं. हा सारा खटाटोप बायकोसाठी. तिच्या मणक्याचं असं दुखणं की फार वेळ बसवत नाही, थांबून थांबून आडवं व्हावं लागतं. आणि तिची अक्का तिकडे लांब समुद्राकाठी अंथरुणाला खिळलेली. "एकदा डोळे भरून बघू दे तिला," एवढंच म्हणायची बिचारी.

पण कागदोपत्री गाडी अजून मालवाहूच. म्हणजे मागे माणूस बसवायचा नाही, बसवला तर विमावाले हात वर करणार, आणि हमरस्त्यावर वेगही कमी. "मी काय सिमेंटची गोणी आहे?" ही फणकारली होती. कागदावर 'कॅम्पर' लागलं की विमा वेगळा, वेग वेगळा, सगळंच वेगळं. त्यासाठी झोपायची, जेवायची, रांधायची सोय गाडीला कायमची जोडलेली हवी. पलंगाला नि ओट्याला लेकीनं बोल्ट मारले. टेबलाला मात्र मी हात लावू दिला नाही. माझ्या टेबलाला लोखंड? छे! खाचेत असं बसवलं की कितीही खड्डे येऊ देत, हूं की चूं नाही.

तपासनीस तरुण होता. पलंग दाबून पाहिला, शेगडी पाहिली, टेबलावर टकटक केलं आणि खिशातून पेन काढलं. "काम छान आहे हं, काका."

झालं! चढलो मी हरभऱ्याच्या झाडावर.

"छान? अहो, खरी गंमत तर पुढेच आहे!" म्हणत मी टेबल जरासं फिरवलं आणि एका हातानं अलगद वर उचललं. "एक खिळा नाही, साहेब!"

लेकीनं कपाळावर हात मारून घेतला.

"काका," तपासनीस पेन खिशात ठेवत म्हणाला, "हातात उचलून येतं ते सामान. गाडीचा भाग नव्हे. कचेरी बंद व्हायच्या आत पक्कं करून दाखवा, नाहीतर पुढची तारीख दोन महिन्यांनी."

अक्काच्या हातात दोन महिने नव्हते. पुढच्या सीटवर बसलेल्या बायकोनं सगळं ऐकलं आणि अक्कासाठी भरलेली पिशवी मांडीवरून खाली ठेवली. चार शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं मला.

लेकीनं हत्यारांची पेटी उघडली. ड्रिल, बोल्ट, आणि एक छोटा डबा. डब्यात लाकडी गोल बुचं, माझ्याच टेबलाच्या उरलेल्या फळीतून कापलेली.

"हे कधी केलंस गं?"

"तुम्ही टेबल केलंत तेव्हाच. बाबा, तुम्ही फुशारकी मारल्याशिवाय राहणार होतात का?"

ड्रिल तिनं माझ्यापुढे धरलं. माझा हात होईना. "तूच मार," म्हटलं.

तिनं टेबलाच्या तळफळीत आधी रुंद, उथळ भोक पाडलं, त्याच्या आत बारीक, थेट गाडीच्या तळापार. बोल्ट खोल बुडवला, वर बूच ठोकलं, तेही लाकडाच्या रेषेला रेष जुळवून, आणि पटाशीनं तासून सपाट केलं. हे मीच शिकवलेलं. इंजिनाच्या नादात सगळं विसरली असेल, असं मला वाटत होतं. मी डोळे मिटून फळीवरून हात फिरवला. बूच कुठंय ते बोटांना कळेना!

तपासनीस परत आला. टेबल ओढलं, ढकललं, शेवटी पाय रोवून हिसडा दिला. गाडी हलली, टेबल नाही. "बोल्ट कुठायत?" लेकीनं त्याला गाडीखाली वाकायला लावून नट दाखवले.

"काका, मानलं तुम्हाला," तो म्हणाला.

"मला कशाला? हिला माना. माझी लेक आहे!" मी म्हटलं.

"अहो, गप्प बसा!" पुढून ही ओरडली. "शिक्का पडू दे आधी!"

गप्प बसलो. शिक्का पडल्यावर मात्र आवारातल्या एकेका ड्रायव्हरला हाताला धरून गाडीत आणला. "हलवा, हलवून बघा," म्हणत होतो, "लेकीनं बसवलंय." शेवटी बायकोनंच हॉर्न दाबला आणि दाबूनच धरला.

"चला आता! अक्का वाट बघतेय. तिलाही दाखवायचंय ना टेबल?"