रडण्याचा सीन

माणूस खरं रडायला लागला की आधी त्याचं नाक गळतं, असं धनाजीचं ठाम मत होतं.

"नाक बघ गड्या, नाक!" मोबाइलवरचा सीन थांबवून तो शाहनवाजला दाखवायचा. "कोरडं ठणठणीत. आन् हिला अवॉर्ड!"

शाहनवाज विट्यात गाड्यांची सीटकव्हरं शिवायचा. धनाजी गावाकडून दुधाचा टेम्पो घेऊन यायचा आणि डेअरीत कॅन उतरवले की त्याच्या दुकानात टेकायचा. "नाक कोण बघतंय रं? गाणी चांगली, मारामारी चांगली, की द्यायचं अवॉर्ड," हे शाहनवाजचं म्हणणं. दोघांची रोज जुंपायची. अवॉर्ड देणाऱ्यांना अक्कल नाही, एवढ्यावर मात्र त्यांचं एकमत होतं.

अशा माणसाच्या गावात पिक्चरचं युनिट आलं. मेंढपाळाच्या आईची गोष्ट होती, आणि आईचं काम करायला मुंबईची मोठी नटी. धनाजीला आभाळ ठेंगणं झालं. टेम्पो चुलतभावाच्या हाती देऊन तो माळावरच मुक्कामाला गेल्यासारखा राहिला. मेंढरं मिळवून दिली, माणसं जमवली. पुण्याचा दिग्दर्शक चहा प्यायला बसला की धनाजी त्याला आपली मतं ऐकवायचा. तोही ऐकून घ्यायचा.

एके दिवशी दिग्दर्शक म्हणाला, "उद्या बाईंचा रडण्याचा सीन आहे. शेजारी गावातली एखादी बाई हवी. खरं रडणारी."

"माझी आय हाय की," धनाजी बोलून गेला.

त्याचा थोरला भाऊ बिराप्पा मेंढरं घेऊन फलटणकडं गेला असताना एका पहाटे ट्रक कळपात घुसला. मेंढरांबरोबर बिराप्पाही गेला. मढं दारात आणलं तेव्हा त्याची आई, सुलाबाई, रडली नाही. बायकांनी पाठीवर हात फिरवले, "रड बाई, मोकळी हो," म्हणून विनवलं. ती भिंतीला टेकून बसली ती बसलीच. त्याला आता दोन वर्षं झाली होती. म्हातारीचं काळीज दगडाचं झालं, असं लोक म्हणत.

"आये, त्या बाईशेजारी नुसतं बसायचं," धनाजीनं तिला सांगितलं. "आलं तर रडायचं."

"मला न्हाई येत रं रडाय."

"मग ऱ्हाऊ दे. बस नुसती."

सीनमधल्या मढ्यावर टाकायला घोंगडं पाहिजे होतं. युनिटनं आणलेलं घोंगडं कॅमेऱ्यात नवंकोरं दिसत होतं. धनाजीनं घरी जाऊन माळ्यावरचं बिराप्पाचं घोंगडं काढलं आणि नेऊन दिलं. आईला त्यानं काही सांगितलं नाही. सीन चांगला व्हायचा तर एवढं पाहिजेच, असं त्याच्या मनानं घेतलं.

दुसऱ्या दिवशी सुलाबाई नटीशेजारी गप बसली. समोर एक जवान नट मढं होऊन पडलेला. कॅमेरा सुरू झाला. सुलाबाईची नजर घोंगड्याच्या कडेवरून फिरली आणि एका जागी थांबली. तिथं फाटलं होतं तेव्हा तिनंच ते काळ्या दोऱ्यानं शिवलं होतं.

"बिरूऽऽ!"

तो आवाज ऐकून माळावरची कुत्रीसुद्धा उठून उभी राहिली. म्हातारीनं त्या पोराच्या अंगावर झेप घेतली, त्याचं तोंड कुरवाळलं, छातीवर डोकं आपटलं. नट बिचारा श्वास रोखून पडून राहिला. नटीही रडायला लागली, अगदी मनापासून.

धनाजी मॉनिटरपाशी उभा होता. आईच्या नाकाडोळ्यांतून धारा लागल्या होत्या. त्याच्या मनात पहिलं काय आलं, तर ह्याला म्हणत्यात रडणं.

दिग्दर्शकानं कट म्हटलं. सुलाबाई थांबली नाही. तिला उचलून बाजूला बसवावं लागलं. दिग्दर्शक चष्मा काढून डोळे पुसत म्हणाला, "दुसऱ्या बाजूनं एकदा घ्यायला हवं होतं. पण नको, राहू दे. त्यांना त्रास होईल." आणि त्यानं धनाजीकडं पाहिलं.

धनाजी आईपाशी जाऊन उकिडवा बसला. "आये, आजून एकदा."

सुलाबाईनं लेकाच्या तोंडाकडं बघितलं. "आजून एकदा मेला व्हय रं त्यो?"

धनाजीनं तिला दंडाला धरून उठवलं. ती उठली, जागेवर जाऊन बसली आणि तशीच रडली.

पुढं युनिट गेलं. घोंगडं राहिलेल्या सीनसाठी म्हणून त्यांच्या पेटाऱ्यातून गेलं. ते परत मागायला धनाजीनं फोन केले. आधी पाठवतो म्हणाले, मग फोन उचलेनात. इकडं सुलाबाईचं रडणं काही थांबलं नाही. शेरडं घरी यायच्या वेळेला ती दारात बसून सुरू करायची. पहिल्यांदा शेजारणी येऊन बसल्या, मग त्यांनी दारं लावून घेतली. धनाजीची बायको सोनिया सासूला घास भरवायची. लेकाच्या हातचं सुलाबाई पाणीसुद्धा घेत नव्हती.

वर्षाच्या आत पिक्चरला अवॉर्ड मिळालं. आईचं काम केलं म्हणून नटीला. गावात बोर्ड लागला. त्यावर नटीबरोबर धनाजीचाही फोटो होता. शाहनवाजनं दुकान बंद ठेवलं आणि दोघं मोटरसायकलवरून सांगलीला पिक्चर बघायला गेले.

तो सीन आला. पडद्यावर नटीचा चेहरा होता, डोळे मिटलेला, तोंड उघडलेला. आवाज मात्र सुलाबाईचा होता. बिरू हा शब्द तेवढा कापून टाकला होता. खुद्द म्हातारीची पाठ दिसली, तीही धूसर. मागच्या रांगेतला एक पोरगा बोलला, "ओरडतीया बघ कशी, शेरडागत!" आणि त्याच्याबरोबरची पोरं खिदळली. धनाजीनं मान वळवली नाही. पुढचा पिक्चर त्याला दिसलाच नाही.

बाहेर आल्यावर शाहनवाज किल्ली फिरवत म्हणाला, "मानलं गड्या. ह्या खेपेला अवॉर्ड बराबर दिलंय. काय आवाज काढलाय बाईनं!"

"त्यो आवाज आयेचा हाय," धनाजी म्हणाला.

शाहनवाजनं किल्ली मुठीत धरली आणि मग गाडी विट्याच्या रस्त्याला लावली.

धनाजी घरी पोचला तेव्हा ऊन कललं होतं, शेरडं अजून यायची होती. सुलाबाई उंबऱ्याआत सूप घेऊन ज्वारी पाखडत होती. किती महिन्यांनी ती आपणहून बोलली.

"बघितलास?"

"व्हय."

"मी दिसती का त्यात?"

"पाठ दिसती, आये."

तिनं सूप हलवलं, खडा वेचून बाहेर टाकला. "त्या बाईला बक्षीस दिलं म्हणं."

"व्हय."

"तिचं पोरगं गेलंय का रं खरंच?"

"न्हाई. पोरगं हाय तिला. शिकतंय कुटंतरी लांब."

"जित्तं हाय न्हवं?"

"हाय."

"मग बरं झालं," सुलाबाई म्हणाली आणि पुन्हा सूप उचललं.

धनाजी दारातच भुईवर बसला. आतून सोनियानं ताट वाढून हाक मारली, थोड्या वेळानं पुन्हा मारली. तो काही उठला नाही.