येळवशीचं बोलावणं

हिवाळ्याच्या कार्यक्रमांचा तक्ता दीपमालाने जेवणघराच्या भिंतीवर चिकटवला, तेव्हा त्याच्यापुढं सगळ्यांत आधी जाऊन उभे राहिले ते नजीरभाई. तक्त्यावर सूर्यफुलं काढलेली, फुगे काढलेले आणि मधोमध एक म्हातारी. म्हातारी नाचत होती.

"ही कोन हाय गं दीपमाला? नवी भरती झाली का?"

"काका, चित्र आहे ते नुसतं."

"तरीच नाचू लागली. चित्राला गुडघे नसतात."

जेवणघरात चार-सहा बोळकी हसली. सिंधुबाई मात्र हसल्या नाहीत. वरणात भाकरी कुस्करून त्या नवऱ्याला भरवत होत्या, आणि वैजनाथराव घास तोंडात घेऊन गिळायचं विसरले होते.

लातूर संपून शेतं सुरू होतात तिथं, नांदेडच्या रस्त्याला लागून ही 'निवांत' नावाची वसाहत. वृद्धाश्रम म्हणायचं नाही, असा तिथला दंडक. म्हटलं की दीपमालाला वाईट वाटायचं, म्हणून कुणी म्हणत नसे. पोरगी जिवाला लावून घेणारी. कसलासा डिप्लोमा करून आलेली आणि म्हाताऱ्यांना ऋतूप्रमाणे रमवायचं काम तिच्याकडं. उन्हाळ्यात कुरडया, पावसाळ्यात अंताक्षरी, हिवाळ्यात उन्हातली गाणी. फुगा मात्र बाराही महिने. गोल करून बसायचं आणि फुगा खाली टेकू द्यायचा नाही. ज्यांनी उभ्या जन्मात मारके बैल वठणीवर आणले, ती माणसं एका गुलाबी फुग्यामागं हात हलवायची, आणि फुगा टेकला की दीपमाला "अरेरे!" करायची. पीक बुडालं तेव्हासुद्धा यांच्यासाठी कुणी एवढं हळहळलं नसेल.

वैजनाथरावांच्या मांडीवर फुगा येऊन पडला तर ते त्याच्याकडं बघत बसत. दसऱ्यापासून त्यांचं बोलणं बंद झालं होतं. आधी पुण्याच्या लेकाचं नाव गेलं, मग गावाचं, मग भूक लागली हे सांगायचं गेलं. सिंधुबाईंना ते ओळखतात का, हे कुणी विचारत नव्हतं आणि त्याही सांगत नव्हत्या. त्या धरून चालल्या होत्या. पन्नासाच्या वर वर्षं एका चुलीवर काढली, एवढं तर राहील की माणसाच्या डोक्यात.

डॉक्टर म्हणाला होता, ओळखीचं काही दिसलं, ओळखीचा वास आला, तर अशी माणसं कधीकधी बोलतात. त्यातलं 'कधीकधी' सिंधुबाईंनी पाखडून टाकलं होतं आणि बाकीचं जपून ठेवलं होतं. त्यांना फार काही नको होतं. एकदा, शहाण्या माणसासारखं, त्यांनी आपल्याशी बोलावं. रागावून बोलले तरी चाललं असतं. तसंही ते गोड बोलणाऱ्यातले कधी नव्हतेच.

घास गिळवून, तोंड पुसून त्या तक्त्यापाशी आल्या. मार्गशीर्षाच्या अमावस्येसमोर लिहिलं होतं : 'वेळ अमावस्या उत्सव. हिरवळीवर थर्माकोलची कोप. वेशभूषा स्पर्धा.'

"थर्माकोलची?" सिंधुबाई म्हणाल्या.

"काकू, पांढरीशुभ्र दिसेल. आत लाइट सोडायचे."

"अगं, लक्ष्मी बसवायची का आईस्क्रीम ठेवायचंय?"

येळवस म्हणजे हीच वेळ अमावस्या. ती काय असते, हे लातूरकडच्या माणसाला सांगावं लागत नाही. त्या दिवशी गावात कुत्रंसुद्धा राहत नाही. सगळे शेताला. कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून कोप करायची, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड लक्ष्मी म्हणून मांडायचे, मालकानं ताकातली आंबील शिंपडत कोपीला फेरे मारायचे, आणि मग सगळ्या भाज्या-शेंगा एकत्र शिजवलेली भज्जी, ज्वारी-बाजरीचे उंडे, आंबील. रस्त्यानं जाणारं माणूस दिसलं की हाक मारून आणायचं. कोण, कुठला, काही विचारायचं नाही, खाऊ घालायचं. ज्याचं शेत तो त्या दिवशी राजा. वैजनाथराव अहमदपूरच्या आपल्या शेतात असे राजे होत, तेव्हा वर्षभर दबक्या आवाजात बोलणारा हा माणूस तिसऱ्या शिवारात ऐकू जाईल अशा हाका मारी.

सिंधुबाईंनी लेकाला, राजशेखरला, फोन लावला.

"आई, तिथं आता काय राहिलंय? रस्ता मोठा झाला त्यात विहीर गेली, आंबे गेले. बाबांना उलट त्रास होईल. तिथंच करा ना तुम्ही. किती छान छान कार्यक्रम करतात ते लोक. फोटो बघतो मी."

"हाव, बग फोटो," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

पण त्यांच्या डोक्यातून ते जाईना. विहीर नसू दे, आंबे नसू देत. माती तर काळीच असते सगळीकडं. तुरीचा वास काय माणसागणिक बदलतो? त्यांनी दीपमालाचा पिच्छा पुरवला. हिरवळ नको, शेत पाहिजे. दीपमाला म्हणाली, बस मागवावी लागेल, कुणी पडलं तर, ऊन लागलं तर. सिंधुबाई म्हणाल्या, "पडलं तर मातीतच पडतील. तुझ्या फरशीपरीस मऊ हाय." शेवटी 'निवांत'ला दूध घालणारे महादेवप्पा मधे पडले. त्यांचं शेत जवळच होतं.

"आमच्याकडं या की सगळे. येळवशीला पाहुणे जेवढे येतील तेवढे कमीच."

सिंधुबाई त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेल्या आणि तिथं हळूच म्हणाल्या, "भाऊ, एक मागनं हाय. कोपीला फेरे आमच्या यान्ला मारू द्या. तेवढा दिवस तुम्ही यान्ला मालक समजा."

मालकपण दुसऱ्याला द्यायचं म्हणजे लहान गोष्ट नव्हती. महादेवप्पांनी हातातली किटली खाली ठेवली. मग म्हणाले, "समजू की. आमचे वडील गेल्यापासून मलाबी फेरे मारताना चुकल्यासारखंच होतंय. मोठ्या माणसाचा हात लागू द्या."

त्या सकाळी सिंधुबाईंनी नवऱ्याला धोतर नेसवलं, पटका बांधला. स्वतः हिरवी साडी नेसल्या, केसाला तेल लावलं. बसमध्ये चढताना नजीरभाई म्हणाले, "भाभी, आज लग्न हाय का कोनाचं?"

"तुमच्या तोंडाला कुलूप नसतं का हो नजीरभाई?"

"नांदेडात चाळीस बरस घड्याळं दुरुस्त केली. तोंड बंद ठेवूनच करावं लागायचं ते काम. आता वसूल करून राहिलो."

शेत हिरवंगार होतं. ज्वारी छातीइतकी, हरभरा घाट्यावर, बांधाला तुरी. चिंचेखाली कडब्याची कोप, तिच्यावर शाल. महादेवप्पांच्या घरच्या बायांनी आंबिलीचा बिंदगा डोक्यावरून खाली उतरवला, त्यावरचं फडकं काढलं, आणि आंबूस, जिऱ्यालसणाचा वास सुटला.

वैजनाथराव थबकले. त्यांचं नाक हललं. मग सिंधुबाईंनी धरलेला दंड सोडवून ते एकटेच पुढं गेले, कोपीपाशी वाकले आणि एक दगड उचलून दुसरीकडं ठेवत म्हणाले,

"तोंड उगवतीला पाहिजे. कोनी मांडलं हे?"

आवाज खणखणीत होता. दसऱ्यापासून साठवून ठेवल्यासारखा.

महादेवप्पा पटकन म्हणाले, "चुकलं मालक."

"चुकलं म्हनून कसं चालंल? आना ती आंबील."

मग काय सांगावं. त्यांनी आंबील शिंपडत, येळवशीची ठरलेली आरोळी देत फेरे धरले, "ओलगे ओलगे सालम पलगे!" आणि मागनं सगळं 'निवांत', काठ्या टेकत, वॉकर ढकलत, तेच म्हणत फिरलं. दीपमाला रडत होती आणि मोबाइलवर चित्रीकरणही करत होती. फेरे झाले तसे वैजनाथराव पंगतीत उभे राहिले आणि एकेकाला बसवू लागले.

"बसा खानसाब. आमच्या आंबिलीला नावं ठेवायची न्हाईत."

"तोबा! नावं कशाला ठेवू? वाटी मोठी द्या फक्त."

"पोरी, तू कोनाची? रडू काय लागलीस? सासरी जाच हाय का? ये, खाऊन घे आधी."

सिंधुबाई चिंचेच्या बुंध्याशी उभ्या होत्या. मुद्दामच त्या पंगतीत बसल्या नव्हत्या. छातीत असं धडधडत होतं की नव्या नवरीला लाज वाटावी. येतील, म्हणतील, तिथं काय उभी राहिलीस खांबासारखी, भज्जी वाढ की. त्यांनी पदर खोचूनही ठेवला होता.

वैजनाथराव हातात आंबिलीची वाटी घेऊन त्यांच्याकडं आले. समोर थांबले. नजर मात्र त्यांच्या चेहऱ्यावर ठरली नाही. परक्या बाईशी बोलावं तशी बाजूला ठेवली.

"बाई, तुम्ही उभ्या का? बसून घ्या की. कोन्या गावच्या म्हनायच्या?"

थट्टा करत असतील, असं सिंधुबाईंना वाटलं. करायचे पूर्वी, वर्षातून एखाद्या वेळी. त्या हसल्या. म्हणाल्या, "अहमदपूरच्या."

"मंजे आमच्याच तिकडच्या. एकट्याच आल्या? मालक न्हाई आले?"

"आलेत," सिंधुबाई म्हणाल्या. "हायत इथंच."

"मग बोलवा त्यान्लाबी. घ्या, आंबील घ्या. लाजू नका." त्यांनी वाटी पुढं केली. "भज्जी मात्र जरा थांबून खा. आमची मंडळी मागून गाडीत येऊ लागली. तिच्या हातची खाऊन बगा. माझ्या माघारी सांगतो, तोंडावर न्हाई सांगत, लई चढून बसंल. पन तिच्यासारखी भज्जी ह्या पट्ट्यात कोनाला जमत न्हाई. हट्टी हाय जरा. पन घर तिनंच उभं केलं."

सिंधुबाईंच्या हातात वाटी होती. एवढ्या वर्षांत त्यांनी हे ऐकलं नव्हतं. भज्जीत मीठ कमी, एवढंच ऐकलं होतं.

"काय नाव त्यांचं?" त्यांनी विचारलं. विचारायचं नव्हतं, निघून गेलं.

"सिंधु," ते म्हणाले, आणि रस्त्याकडं बघू लागले. "लई उशीर लावला आज."

"येतील. रस्त्यातच असतील."

"तर काय," म्हणून ते दुसऱ्या पाहुण्याकडं वळले.

नजीरभाईंनी पंगतीतून सगळं ऐकलं होतं. ते उठले, आपल्या शेजारचं पोतं झटकलं. "भाभी, बसा," एवढंच म्हणाले.

"बसते. बोलावणं आलंय मला," सिंधुबाई म्हणाल्या, आणि पाहुणीसारख्या, पदर सावरून, बसल्या. आंबील प्यायल्या. भज्जीत मीठ बरोबर होतं.

उन्हं कलली तशी दीपमालानं सगळ्यांना बसकडं वळवलं. वैजनाथराव जागचे हलेनात.

"मालक शेत सोडून जातो का? दिवस मावळल्यावर पेटती पेंढी फिरवायची हाय पिकाभोवती. आन मंडळी यायची हाय अजून."

महादेवप्पांनी समजावलं, दीपमालानं समजावलं. शेवटी सिंधुबाईंनी जाऊन त्यांचा हात धरला. ते हात झटकून मागं सरले आणि ओशाळून, हळू आवाजात म्हणाले, "बाई, चार लोकांत असं परक्या मानसाचा हात धरू नये. बरं दिसत न्हाई."

दीपमालाच्या हातातला मोबाइल खाली गेला. सिंधुबाईंनी पदर डोक्यावर घेतला.

"मालक," त्या म्हणाल्या, "तुमच्या मंडळींचा निरोप हाय. त्यांची गाडी वाटंत अडकली. तुम्हालाच बोलावलंय."

"आधी न्हाई का सांगायचं!" ते म्हणाले, आणि धोतराचा सोगा उचलून सगळ्यांच्या आधी बसमध्ये चढले.

सिंधुबाई चढल्या तेव्हा ते खिडकीशी बसले होते आणि शेजारच्या जागेवर त्यांनी उपरणं पसरून ठेवलं होतं. त्या क्षणभर तिथं थांबल्या.

"इथं धरलीय जागा, बाई," ते म्हणाले. "तिच्यासाठी."

त्या मागच्या बाकावर बसल्या. बस हलली. दीपमाला त्यांच्याजवळ येऊन वाकली. डोळे सुजलेले, पण आत काहीतरी लुकलुकत होतं. "काकू, मला कळतंय तुम्हाला कसं वाटत असेल. पण किती बोलले ते! पुढच्या महिन्यात हुरडा ठेवू या? त्यांच्यासाठी दर महिन्याला शेत ठेवू. ठेवू ना?"

पुढच्या बाकावर वैजनाथराव काचेला कपाळ लावून रस्ता बघत होते. डोक्यावर ओझं घेतलेली एखादी बाई दिसली की ड्रायव्हरला म्हणत, "हळू हाक रे, बघू दे." बाई मागं पडली की परत टेकत. दर वेळी आवाज थोडा लहान होत होता.

नाही म्हटलं तर ते परत गप्प होणार. हो म्हटलं तर दर महिन्याला ते तिची वाट बघणार, आणि दर महिन्याला ती येणार नाही.

"ठेव," सिंधुबाई म्हणाल्या.

'निवांत'च्या फाटकात बस थांबली तेव्हा वैजनाथराव सगळ्यांत आधी उतरले. उतरून दाराशीच उभे राहिले आणि पायरीवरून खाली येणाऱ्या प्रत्येक बाईचा चेहरा निरखून बघू लागले. सिंधुबाईंनी सगळ्यांना पुढं जाऊ दिलं. बस रिकामी झाली. मग आणखी थांबायला काही निमित्तच उरलं नाही, तेव्हा त्या उतरल्या.

वैजनाथरावांनी त्यांच्याही चेहऱ्याकडं बघितलं. नीट बघितलं. मग अदबीनं बाजूला सरून वाट दिली, आणि बसच्या रिकाम्या दाराकडं बघत राहिले.