ओकित्सु सेन्सेईंची हार

“म्हणजे या वर्षी उत्सवात मी जिंकायचं?” ओकित्सु सेन्सेईंनी चहाचा पेला चटईवर ठेवला. “चौऱ्याहत्तराव्या वर्षी?”

“बाई, लोक गुरूला बघायला येतात,” ताकुमासाहेब म्हणाले. हे नगर कार्यालयाच्या पर्यटन खात्याचे, जिभेवर कायम साखर. “गुरूच हरला तर फोटोत कसं दिसेल? शेवटच्या डावात हिरोबेसाननी पडायचं, एवढंच.”

“आमच्या घराण्यात गुरूच हरतो.”

“साडेतीनशे वर्षं हरलात की! एक दिवस जिंका. आणि तुमच्या सरावाचं हे सभागृह एप्रिलपासून योगाच्या वर्गाला द्यायचं घाटतंय. कार्यक्रम रंगला, तर मला वर शब्द टाकता येईल.”

“धमकी देताय?”

“छे छे, माहिती देतोय.”

“मग माहिती मिळाली. चहा घ्या, गार होतोय,” म्हणून सेन्सेई उठल्या.

तो हिरोबे म्हणजे मी. गावातली बस चालवतो आणि बावीस वर्षं हिसाकी घराण्याची तलवार शिकतो. घराण्याचा मूळपुरुष द्वंद्वात हरला होता. समोरच्यानं त्याच्या मनगटावर पातं टेकवलं आणि न कापता निघून गेला. हा घरी आला आणि हरताना जे कळलं ते शिकवत बसला. म्हणून आमच्या बाराही डावांत गुरू वार करतो आणि शिष्य जिंकतो. पण वार खरा हवा, थेट टाळूवर. शिष्यानं अगदी शेवटच्या क्षणी अर्धं पाऊल डावीकडे सरकायचं आणि आपली लाकडी तलवार गुरूच्या मनगटावर केसाच्या अंतरानं थांबवायची. आधी सरकला तर ती लबाडी, उशीर झाला तर खोक पडलीच. दुसऱ्या महायुद्धानंतर तलवारबाजीवर बंदी आली तेव्हा सेन्सेईंच्या वडिलांनी या तलवारी गवताच्या गंजीत लपवल्या आणि गोठ्यात सराव चालू ठेवला. सेन्सेई स्वतः छत्तीस वर्षं शाळेत चारशे पोरांचं जेवण रांधत होत्या. दिवसभर डाव, संध्याकाळी हार, असं त्या स्वतःच हसत सांगायच्या.

ताकुमांना दारापर्यंत सोडायला मीच गेलो. बूट घालता घालता ते म्हणाले, “तुम्ही तरी समजूतदार आहात.” आम्ही शिष्य उणेपुरे सात जण. सभागृह गेलं तर या वयात सेन्सेई थंडीत कुठे उभ्या राहणार? मी म्हणालो, “पडतो मी. त्यांना कळू देऊ नका.” खोटं कशाला बोलू, तेव्हा मला आपण शहाणे वाटलो होतो.

उत्सवाच्या दिवशी देवळाचं अंगण भरलं होतं. बारांपैकी तीनच डाव दाखवायचे होते; पहिले दोन रीतीप्रमाणे झाले. तिसऱ्यात मी पाय रोवून उभा राहायचं, वार खांद्यावर घ्यायचा आणि कोसळायचं, असं मनाशी ठरवलं होतं. म्हातारीचा वार तो, असा कितीसा लागणार!

सेन्सेई ओरडल्या आणि तलवार थेट माझ्या टाळूवर आली. तिच्यात दयामाया नव्हती. माझ्या पायांनी मला विचारलंच नाही. भानावर आलो तेव्हा मी अर्धं पाऊल डावीकडे होतो आणि माझं लाकूड त्यांच्या मनगटावर थांबलं होतं.

त्यांनी शस्त्र खाली ठेवलं, गुडघे टेकले, कपाळ जमिनीला लावलं आणि साऱ्या अंगणाला ऐकू जाईल असं म्हणाल्या, “हरले.”

कुणी टाळी वाजवली नाही. मागून कुणीतरी हसलं, “आजी हरली की!” ताकुमा तरातरा आले. “हिरोबेसान, आपलं ठरलं होतं ना!”

सेन्सेईंनी माझ्याकडे पाहिलं. “काय ठरलं होतं?”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. “मी पडणार होतो, सेन्सेई. सभागृहासाठी.”

“मग पडला का नाहीस?”

“तुम्ही खरंच मारलंत.”

“अरे गाढवा, मग बावीस वर्षं काय पाठीवरून हात फिरवत होते तुझ्या?” त्या ताकुमांकडे वळल्या. “साहेब, सभागृह योगवाल्यांना द्या. त्यांना ऊब लागते. आम्ही उघड्यावर हरू.”

सभागृह गेलं. त्यानंतरच्या हिवाळ्यात आम्ही नदीकाठी, पुलाखाली सराव करू लागलो. मी माफी मागायला तोंड उघडलं, की त्या तलवारच उगारायच्या, त्यामुळे ती मागायची राहूनच गेली.

जानेवारीतल्या एका सकाळी जमीन दगडासारखी गोठली होती. डाव हरून त्यांनी कपाळ टेकलं आणि त्यांना उठता येईना. मी धावलो.

“हात नको लावूस,” त्या जमिनीकडे बघतच म्हणाल्या. “डाव संपला नाही अजून.”

आम्ही सातही जण तलवारी धरून उभे राहिलो. त्यांनी आधी एक तळवा टेकला, मग एक गुडघा उचलला. बराच वेळ गेला. उभ्या राहिल्यावर त्यांनी गुडघ्यावरचं दहिवर झटकलं आणि तलवार डोक्यावर नेली.

“हं. आता कोण हरवतंय मला?”