हनुवटी ते नाक

"हनुवटीच्या वर, नाकाच्या खाली. तेवढी लांबी पुरे. आणि स्कीवर ही जी बारीक रेघ आहे ना, बुटाच्या मधली रेघ बरोबर तिच्यावर आली पाहिजे. बूट स्कीला अडकवायचं बाइंडिंग दुकानातच बसवून घ्या. घरी नाही."

हे सांगणारी पांढऱ्या वेणीची एक अमेरिकन बाई होती. बोलली अर्थात इंग्रजीत. मला ते मराठीत आठवतं, कारण पुढचे दोन महिने मी ते मनातल्या मनात जपासारखं घोळवत होते. आणि जपासारखंच कोणाला ऐकू येणार नाही असं.

दर नोव्हेंबरात एका शनिवारी इथल्या शाळेच्या जिममध्ये स्कींचा बाजार भरतो. लोक जुन्या आणून लावतात, दुकानदार मागच्या वर्षीच्या नव्या आणतात. अनया पंधरा वर्षांची. चार हिवाळे शाळेच्या क्लबबरोबर शुक्रवारच्या बसने डोंगरावर जात होती, भाड्याच्या स्की घेऊन. भाड्याच्या स्की म्हणजे धर्मशाळेतली अंथरुणं, आज ही तर उद्या ती. यंदा तिला स्वतःच्या हव्या होत्या. आखीव उतारावर चालतील, झाडांमधल्या भुसभुशीत बर्फावरही चालतील, अशा सगळ्या डोंगराच्या. त्या बाईने अनयाला समोर उभं केलं, एकशे अठ्ठेचाळीस सेंटिमीटरची एक स्की तिच्याशेजारी टेकवली आणि टोक नाकाखाली कसं येतं ते दाखवलं. अनयाचे डोळे असे लकाकले की मला हसू आलं.

हे तेव्हा गाडी पार्क करत होते.

आले ते दुसऱ्याच टेबलावरून एक जोडी खांद्यावर टाकून. एकशे चौऱ्याहत्तर. अनयाच्या डोक्यावरून चांगली पाच-सहा बोटं वर.

"बाबा, दॅट्स वे टू लाँग! ती म्हणाली चिन टू नोज."

"अगं, वाढत्या अंगाची आहेस तू. दोन वर्षांनी काय करायचं, परत घ्यायच्या? आणि आम्ही मिशिगनला शिकलो तेव्हा दोन मीटरच्या असायच्या. कोणी मेलं नाही."

वाढत्या अंगाचं. आमच्या घरांतून हा मंत्रच आहे. मीही तिचे फ्रॉक दोन बोटं दुमडून शिवले, बुटांत पुढे कापूस कोंबला. पण फ्रॉक दुमडता येतो. स्की दुमडता येत नाही. आणि मुलगी दीड वर्षात एका बोटानेही वाढलेली नाही, हे डॉक्टरीणबाईंनी माझ्यासमोर कागदावर आलेख काढून सांगितलं होतं.

"आई, टेल हिम! यू हर्ड हर!"

चातुर्मासात शनिवारी सूर्यास्तापर्यंत माझं मौन असतं. अकरा वर्षं पाळते आहे. मी ओठांवर बोट ठेवलं. अनयाने माझ्याकडे एकदा पाहिलं, मग त्या लांबड्या स्कींकडे, आणि गप्प झाली.

माझ्या पर्समध्ये पेन होतं. तेवढंच लिहून ठेवते.

पुढच्या रविवारी ह्यांनी त्या स्की गॅरेजमध्ये आणखी बिघडवल्या. दुकानात नेऊन बाइंडिंग बसवून घ्यायचं हे अनयाने दोनदा सांगितलं. ह्यांचं म्हणणं, चार स्क्रू मारायला माणूस कशाला? इंजिनिअर आहे मी. टेप काढली, स्कीची लांबी मोजली, निम्मं केलं, पेन्सिलने खूण केली. मग त्या छापलेल्या रेघेकडे पाहून हसले.

"बघ मीनाक्षी, गंमत बघ. ही रेघ मध्यावर नाहीच. आठ सेंटिमीटर मागे छापली आहे. फॅक्टरीची चूक. म्हणून या सेलमध्ये होत्या!"

"अहो, पण ती बाई म्हणाली होती, रेघेवरच..."

"ती बाई पोरांना स्की विकते. मी सव्वीस वर्षं मशिन डिझाइन करतो. वजन मध्यावर असायला नको? तराजूची दांडी कुठे धरतात?"

तेव्हा मौन नव्हतं. तरी मी एवढंच बोलले आणि आत जाऊन भाजी चिरायला घेतली. ड्रिलचा आवाज मधल्या भिंतीतून येत होता. विळीवर माझा हात जोरात चालत होता, आणि मी स्वतःला सांगत होते की संसारात इतकं चालायचंच.

क्लबचा फॉर्म होता, त्यात एक ओळ होती: बाइंडिंग कोणी तपासलं. दुकानाचा शिक्का अपेक्षित होता. ह्यांनी स्वतःची सही ठोकली आणि पुढे लिहिलं, इंजिनिअर. आणि तो फॉर्म कोणी परत पाठवला नाही, याचाही मला राग आहे. सगळ्यांचाच आहे.

जानेवारीच्या पहिल्या शुक्रवारी फोन आला. अनया पडली होती. कड्यावरून नाही, बर्फाच्या वादळात नाही. तिला चार वर्षं पाठ असलेल्या साध्या उतारावर. नंतर तिने मला सांगितलं तसं सांगते. पाऊल पुढे बसवल्यामुळे पुढचा भाग आखूड झाला होता, तो मऊ बर्फात नांगरासारखा घुसायचा. आणि मागे हातभर शेपूट उरली होती, ती वळण संपलं तरी सुटायची नाही. "पुढून बुडते आणि मागून सोडत नाही, आई." शेपूट अडकली, अंग वळलं, गुडघा वळला नाही. बाइंडिंग पडताक्षणी सुटायला हवं, तेही सुटलं नाही. ते किती जोराला सुटावं याचा आकडा ह्यांनी इंटरनेटवरच्या तक्त्यावरून लावला होता.

गुडघ्याच्या आतल्या बाजूचा अस्थिबंध दुखावला होता. तुटला नव्हता. सहा आठवडे पट्टा.

परत येताना गाडीत मी मागे तिच्याजवळ बसले होते. हे पुढे, रेडिओ लावून. ती खिडकीकडे तोंड करून हळूच म्हणाली, "तू तिथेच होतीस. यू वेअर राइट देअर."

"हो."

"आणि काहीच बोलली नाहीस."

"नाही बोलले."

"मग तुझ्या देवाला काय मिळालं?"

एरवी मी म्हटलं असतं, देवाबद्दल असं बोलू नये. त्या दिवशी म्हटलं, "तुझ्या मापाच्या स्की मी आणेन. मी स्वतः. आणि पुन्हा असं गप्प बसणार नाही."

"प्रॉमिस?"

"शपथ."

तिने हात पुढे केला नाही, पण डोकं माझ्या खांद्यावर टेकवलं. दुखत असेल म्हणूनही असेल.

संक्रांत शुक्रवारी होती, पण इथे सगळे सण शनिवारी येतात. प्रतापकाका आणि कांचनकाकू दरवर्षी आमच्याकडे असतात. काका भूल देणारे डॉक्टर, आता निवृत्त. अनया सोफ्यावर पाय लांब करून बसली होती. मी तिळगुळाचं ताट फिरवत होते.

"काय गं, गुडघेबाई," काका तिला म्हणाले, "कसं झालं हे?"

तिच्या आधी हेच बोलले. "कसं होणार? काका, उतारावर पाट बांधून सोडलं तरी पोरं उतरतात. हिला बॅलन्सच नाही. मागे रेलते, घाबरते. मी सांगितलंय, मार्चच्या शेवटी क्लबची व्हरमाँटची ट्रिप आहे, डॉक्टर हो म्हणाले तर जायचं, आणि ह्याच स्की घेऊन जायचं. घोड्यावरून पडलं तर त्याच घोड्यावर बसायचं."

अनयाने पाय खाली घेतला. उठायला लागली. तिचा खालचा ओठ थरथरत होता आणि तो कोणाला दिसू नये म्हणून ती मान खाली घालून कुबडी शोधत होती, जी तिच्या हाताशीच होती.

मी ताट टीपॉयवर ठेवलं.

"नाही," मी म्हटलं.

"काय नाही?" हे म्हणाले.

"ह्या स्की घेऊन ती जाणार नाही. अनया, जाऊ नकोस, थांब."

गॅरेजमध्ये गेले. स्की हातात घेतल्या तेव्हा कळलं किती जड आहेत. दारातून आणताना एक चौकटीवर आपटली, रंग उडाला. दिवाणखान्यात कांचनकाकूंच्या पैठणीशेजारून नेऊन त्यातली एक अनयाच्या बाजूला उभी केली.

"काका, तुम्ही सांगा. ही स्की मुलीच्या नाकापर्यंत आहे की तिच्या डोक्यावरून गेली आहे?"

"मीनाक्षी, काय तमाशा चाललाय?" ह्यांचा आवाज खाली आला. हे जेव्हा खरोखर चिडतात तेव्हा आवाज खाली येतो. मला तो आवाज अठरा वर्षं माहीत आहे. अठरा वर्षं तो ऐकून मी विषय बदलला आहे.

"आणि ही रेघ बघा. बूट इथे यायला हवा. ह्यांनी तो इथे बसवला, वीतभर नसला तरी चार बोटं पुढे."

"ती रेघ चुकीची छापली होती! मी मोजलंय!"

"दोन्ही स्कींवर? एकाच जागी?"

ह्यांची नजर दुसऱ्या स्कीवर गेली.

"बाजारात मी शंभर स्की बघितल्या," मी म्हणाले. माझा आवाज मोठा झाला नव्हता. मला मोठा आवाज काढताच येत नाही, पण तो थरथरतही नव्हता. "प्रत्येकीवर रेघ मध्याच्या मागेच होती. कारण पुढचा भाग लांब असावा लागतो, बर्फावर चढायला. हे मला तिथे उभं राहून दिसलं. तुम्हाला टेप लावून दिसलं नाही. आणि वर तिला बॅलन्स नाही म्हणता? या फळ्यांवर ती अर्धा डोंगर उतरली, हाच तिचा बॅलन्स."

"अगं मीनाक्षी," कांचनकाकू कळवळून म्हणाल्या, "हातात तिळगुळ घेऊन असं नको गं. गोड बोलावं आज."

"गोडच बोलतेय काकू. अठरा वर्षं गोडच बोलतेय. त्या गोडाचा गुडघा झालाय, तो बघा तिथे."

काकांनी लाडू तोंडात टाकला, सावकाश चावला. "सुमंत, आम्हीही चुका करतो बरं का. पण पेशंट टेबलावर असताना तरी 'हिलाच नीट झोपता येत नाही' असं नाही म्हणत. बाहेर जाऊन म्हणतो."

अनयाला फस्सकन हसू आलं. ह्यांचा चेहरा लाल झाला. आणि मग त्यांनी ते विचारलं, जे विचारण्याचा त्यांना पूर्ण हक्क होता.

"एवढं सगळं माहीत होतं, तर त्या दिवशी का नाही बोललीस?"

मी स्की सोफ्याला टेकवली.

"मौन होतं," मी म्हटलं.

"मग झालं तर!"

"झालं नाही. पर्समध्ये पेन होतं. दोन शब्द लिहिता आले असते. मौनात लिहिलेलं चालतं, मी दर शनिवारी वाण्याची यादी लिहितेच. नाही लिहिलं, कारण तुम्ही चारचौघांत आवाज खाली काढला असता. मी तुम्हाला घाबरले आणि नाव देवाचं पुढे केलं." मी अनयाकडे वळले. "तू गाडीत विचारलंस ना, देवाला काय मिळालं? काही नाही मिळालं. त्याच्या वाट्याला खोटं आलं. ती माझी चूक. ह्या स्की ह्यांची चूक. तुझी यात एकही नाही."

अनया ओठ चावत स्कीच्या टोकाकडे बघत होती. मग म्हणाली, "थँक्स, आई," इतकं साधं, की जणू मी तिला पाणी दिलं होतं.

हे उठून वर गेले. कांचनकाकूंनी ताट उचललं आणि माझ्या हातावर एक लाडू ठेवला. तो मी खाल्ला. राग गेला नव्हता. रागासकट खाल्ला.

रविवारी सकाळी अंघोळ झाली, दिवा लावला. रोजची अकरा आवर्तनं केली, एकही गाळली नाही. देवाच्या हाराचा पांढरा दोरा उरला होता, तो घेऊन अनयाच्या खोलीत गेले. झोपेतून उठवून तिला भिंतीला टेकवून एका पायावर उभं केलं.

"आई, इट्स एट इन द मॉर्निंग!"

"सरळ उभी राहा. मान वर."

टाचेपासून हनुवटीपर्यंत एक गाठ. नाकापर्यंत दुसरी. तिने जांभई दिली तेव्हा हनुवटी खाली गेली, मग पुन्हा मोजलं.

"मार्चला डॉक्टर नाही म्हणाले तर?" तिने विचारलं.

"तर पुढच्या वर्षी. तू आता वाढणार नाहीस."

"वॉव, थँक्स."

खाली आले. हे ओट्याशी उभे होते, दाढी न केलेले, कपात गार झालेला चहा. माझ्या हातात अनयाचा स्कीचा बूट पाहिला.

"कुठे?"

"नदीपलीकडे. तिथे दुकान आहे, दहाला उघडतं."

"पुलावरून? तू हायवेला कधी..."

"आज जाईन."

"बूट कशाला?"

"बाइंडिंग बुटाच्या मापाने बसवतात. ह्याच्यावरही रेघ असते."

ते बुटाकडे पाहत राहिले. तळव्याच्या कडेला ती होती, नखाएवढी. बहुधा पहिल्यांदाच पाहिली असावी. काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. मी थांबले नाही. त्यांनी काय बोलायचं ते शोधून देणं माझं काम नव्हतं.

बाहेर रात्रीतून बोटभर बर्फ पडला होता. बूट शेजारच्या सीटवर ठेवला आणि त्याला पट्टा लावला, घरंगळू नये म्हणून. दोन गाठींचा दोरा कोटाच्या खिशात आहे ना, ते चाचपून पाहिलं. काचेवरचा बर्फ हाताने सारला, गाडी सुरू केली आणि हळूच मागे घेतली.