रंगाला उठाव

डोळे मिटा आणि एक भिंत समोर आणा. पांढरट, पोपडे धरलेली. तिच्यावर तीन ओले पट्टे: एक गेरूचा, एक विटकरी, एक भिजल्या मातीचा. दिसले? आता त्यांच्यापुढे मान वाकडी करून उभी असलेली एक मुलगी बघा. तिच्या मुठीत घरामागच्या झाडाखालचं मातीचं ढेकूळ आहे.

"बोला मालकीणबाई," शिडीवरून रंगारी म्हणाला. "कोण पास, कोण नापास?"

तिने ढेकूळ तिसऱ्या पट्ट्याला टेकवलं. "हा. पण अजून जरा लाल हवा. घर आपल्याच मातीतून उगवल्यासारखं दिसलं पाहिजे."

"बाप रे! मोठं चोखंदळ गिऱ्हाईक आहे." हसत हसत त्याने डब्यात थोडा लाल ओतला आणि ढवळू लागला.

पायरीवर बसलेल्या बाबांनी विचारलं, "उठाव येईल ना गं या रंगाने?"

"येईल हो बाबा! कोपऱ्यावरूनसुद्धा उठून दिसेल."

बाबा रोज हेच विचारत होते. शेडकार्ड त्यांनीच तिच्या हातात दिलं होतं. 'तुझी नजर चांगली आहे, तूच निवड,' असं म्हणाले होते. तेव्हापासून तिचे पाय जमिनीवर नव्हते. आमच्या घराचा रंग मी ठरवणार, हे तिने अख्ख्या वर्गाला सांगून टाकलं होतं.

समोरची भिंत रंगवून रंगारी घराच्या मागे गेला, तेवढ्यात फाटकाशी गाडी थांबली. घरं विकून देणारा दलाल उतरला, त्याच्यामागून एक बाई. दलालाने ओल्या भिंतीवर नजर फिरवली आणि बाबांच्या पाठीवर थाप मारली.

"वा! फक्कड रंग निवडलात. याला सध्या उठाव आहे. म्हटलं नव्हतं, रंग द्या, घर लगेच उठेल? बाईंना पसंत आहे."

"घर उठेल?" मुलीने विचारलं. "उठून कुठे जाईल?"

दलाल खो खो हसला. "घर कुठे जातंय, बाळ! घर इथेच. जाणार तुम्ही."

बाबा हसले नाहीत. बोटावरचा रंग नखाने खरवडत राहिले.

"बाबा?"

"सांगणारच होतो गं. रंग झाला की."

मुलीने भिंतीकडे पाहिलं. तिने सांगितलं होतं अगदी तसंच घर दिसत होतं. मातीतून उगवलेलं, मुळं धरलेलं.

इतक्यात ब्रश पुसत रंगारी मागून आला. "मालकीणबाई, खिडक्यांना काय देऊ? बदामी की तपकिरी?"

मुलीने पायरीवरचं शेडकार्ड उचललं, फ्रॉकला पुसलं आणि त्या बाईंपुढे धरलं.

"मालकीणबाई तुम्ही. तुम्ही सांगा."

बाई गोंधळून बाबांकडे पाहू लागल्या. बाबा पायरीवरून उठले, पण मुलगी तोवर मागच्या झाडापाशी पोहोचली होती. ढेकूळ परत ठेवायला ती वाकली.

मग तिने ते फ्रॉकच्या खिशात टाकलं.