निवळशंख शाम्पू

बेलापूरच्या आप्पासाहेबांनी गुऱ्हाळाची शेड झाडून तिथं शाम्पूचा कारखाना काढला, तेव्हा गाव तोंडाला पदर लावून हसलं. पण आप्पासाहेब मुंबईला कोंड्यावरची एक परदेशी भुकटी बघून आले होते. झिंक पायरिथिऑन हे तिचं नाव त्यांच्या जिभेवर बसत नसे. म्हणून त्यांनी नगरहून शरच्चंद्र जोशी नावाचा बी.एस्सी. झालेला माणूस आणून ठेवला.

भुकटी गुणाची होती. शरच्चंद्रच्या बायकोच्या, इंदूच्या डोक्यात लग्नाआधीपासूनचा कोंडा होता. चार न्हाण्यांत तो गेला. अडचण एकच, ती पाण्यात विरघळत नसे. शाम्पू पातळ ताकासारखा दिसे आणि आठ दिवसांत बाटलीच्या तळाला पांढरा थर बसे.

"गिऱ्हाईक बाटली उन्हाकडं धरून बघतंय, शरदराव," आप्पासाहेब म्हणत. "तळाला चुना दिसला की म्हनतंय, भेसळ हाय. मला निवळशंख माल पायजे."

शरच्चंद्रने भुकटी स्पिरिटात घातली, ग्लिसरिनात घातली, उकळून पाहिली, घोटून पाहिली. पाच महिने झाले. भुकटी हटून बसली होती आणि तोही.

बहात्तर साली पाऊस रुसला. शेडमागची विहीर खाली गेली, तसं पाणी इतकं खारट झालं की धुतलेल्या बाटल्यांवर वाळल्यावर पांढरे डाग पडू लागले. बाटल्या धुवायला चार बाया होत्या. त्यांतली चांगुणा मूळची खर्ड्याची. नवरा वारल्यावर बेलापूरला भावाकडे येऊन राहिली होती. भाऊ साखर कारखान्यात बॉयलरवर कामाला होता. एक दिवस ती शरच्चंद्रच्या टेबलापाशी येऊन उभी राहिली.

"साहेब, ही बाटली बघा की. महिना झाला, हिच्यात गाळ बसलाच न्हाई."

त्याने बाटली खिडकीकडे धरली. पलीकडची बाभळ काट्यांसकट दिसत होती.

"हिच्यात काय घातलंत, बाई?"

"म्या कशाला घालू? डाग जायना म्हनून भावाकडनं बॉयलरचा खार काढायची पावडर आनली हुती. चिमटी टाकून घासायची, मग इसळायची. ही इसळायची ऱ्हायली, तशीच भरली गेली. चूक झाली म्हनून बाजूला ठिवली हुती. पर रोज बघत हुते."

शरच्चंद्रच्या डोक्यात लख्ख झालं. खार काढणारी पावडर धातूला पकडते. तिने भुकटीतलं जस्त ओढून घेतलं होतं आणि उरलेलं औषध पाण्यात मिसळून गेलं होतं. पुढचे तीन आठवडे त्याने मापं बसवली. किती भुकटीला किती पावडर, ते वहीत उतरवलं. ते काम खरंच त्याचं होतं. तेवढंच त्याचं होतं.

संक्रांतीला आप्पासाहेबांनी शेडमध्ये पेढे वाटले. नगरचे दोन व्यापारी आले होते. बाटली हातोहात फिरली. आप्पासाहेबांनी शरच्चंद्रच्या गळ्यात हार घातला आणि सगळ्यांदेखत विचारलं, "कसं जमीवलं हो हे?"

चांगुणा बाटल्यांची पाटी कमरेवर घेऊन दारातच उभी होती. ती हसत होती, आता आपलं नाव निघणार म्हणून.

"सुचलं," शरच्चंद्र म्हणाला.

तिचं हसू लगेच गेलं नाही. जरा वेळ तसंच राहिलं, मग तिने पाटी सावरली आणि ती मागे निघून गेली. संध्याकाळी निघताना तिला काही बोलावं असं त्याला वाटलं होतं. पण काय बोलायचं ते ठरेना, आणि दिवस गेले.

फाल्गुनात ती परत टेबलापाशी आली. "साहेब, ह्या निवळ औषधात गुन न्हाई. माझ्या लेकीच्या डोक्यातली खपली जुन्या गढूळ औषधानं गेल्ती. ह्यानं परत आली. बाकीच्या बायाबी तेच म्हनत्यात."

तेव्हा शरच्चंद्र घाबरला, पण औषधाला नाही. आज ही हे बोलते, उद्या ते बाटलीचंही बोलेल, असं त्याच्या मनात आलं.

"तुला काय कळतं त्यातलं?" तो म्हणाला. आजवर त्याने तिला अगंतुगं केलं नव्हतं.

दोन दिवसांनी तिने हेच आप्पासाहेबांना सांगितलं. नेमका नगरचा व्यापारी समोर बसला होता. आप्पासाहेबांचा चेहरा उतरला. त्यांनी शरच्चंद्रला बोलावलं.

"ही म्हनती ते खरं हाय का?"

"मी सगळं तपासलंय," तो म्हणाला. "यांना डोकं नीट धुता येत नसेल. उगाच काहीतरी मनाचं सांगतात."

तपासलं होतं ते फक्त बाटलीतलं. डोक्यावरचं त्याने काहीच तपासलं नव्हतं.

मालाची बदनामी करते म्हणून आप्पासाहेबांनी तिला दुसऱ्या दिवसापासून येऊ नको म्हणून सांगितलं. बाकीच्या तिघी खाली मान घालून बाटल्या घासत राहिल्या. शरच्चंद्र वहीत काहीतरी लिहीत होता. काय लिहीत होता, ते त्याला नंतर कधी आठवलं नाही.

चैत्रात एका लग्नाला निघताना इंदूने काळी चंद्रकळा नेसली. ती वेणी घालायला पाठमोरी बसली आणि शरच्चंद्रला तिच्या खांद्यावर पांढरा चुरा दिसला.

"हे कधीपासून?"

"झाला महिना-दीड महिना," इंदू म्हणाली. "तुम्ही इतके खुशीत होता. मला वाटलं, माझंच काही चुकत असेल."

लग्नात त्याचं चित्त लागलं नाही. परत आल्यावर त्याने इंदूच्या केसांचं गुंतवळ घेतलं, दोन भाग केले. एक गढूळ शाम्पूने धुतला, एक निवळ शाम्पूने, आणि दोन्हींवर तांब्याभर पाणी ओतलं. पहिल्याच्या केसांवर भिंगातून बारीक पांढरे कण दिसत होते. दुसऱ्यावर काही नव्हतं. औषध पाण्याबरोबर मोरीत गेलं होतं. जी भुकटी विरघळत नाही म्हणून पाच महिने तिचा राग राग केला, ती विरघळत नव्हती म्हणूनच डोक्यावर टिकून काम करत होती.

त्याने आप्पासाहेबांना सगळं सांगितलं. चांगुणाच्या बाटलीचंही सांगितलं.

"मालाचं बघू," आप्पासाहेब म्हणाले. "माल माघारी आनता येतो. त्या बाईला आना तुमी. मी तिला हाकललं ते तुमच्या शब्दावर."

भावाकडे चौकशी केली तर तो म्हणाला, ती लेकीला घेऊन गावी, खर्ड्याला गेली. माझ्यात बसून खाणार नाही म्हणाली. शरच्चंद्र एस.टी.ने नगर, जामखेड करत खर्ड्याला पोचला. गावाबाहेर दुष्काळी काम चालू होतं. उन्हात शे-दोनशे माणसं खडी फोडत होती.

"चांगुणा? अशा तीन हायती," मुकादम म्हणाला. "आडनाव काय?"

शरच्चंद्रला ते माहीत नव्हतं. वर्षभर ती त्याच्यापासून दहा पावलांवर बाटल्या धूत होती.

"बेलापूरहून आलेल्या," तो म्हणाला.

ती खडीच्या ढिगाशी बसली होती. बोटांना चिंध्या गुंडाळल्या होत्या. त्याला बघून तिने पदर नीट केला, पण ती उठली नाही.

"बाई, तुम्ही म्हणालात ते खरं निघालं," तो उभ्यानेच म्हणाला. "बाटलीचंही आणि गुणाचंही. मी आप्पासाहेबांना सांगितलंय. तुम्ही परत चला."

"न्हाई येनार, साहेब."

"इथं हे दगड फोडण्यापेक्षा..."

"दगडाचं कायबी न्हाई. हितं कुनी मला येडी म्हनत न्हाई. तितं व्यापाऱ्याम्होरं तुमी मला डोकं धुता येत न्हाई म्हनलं."

इंदूने बांधून दिलेल्या गढूळ शाम्पूच्या दोन बाटल्या त्याने लेकीसाठी म्हणून पुढे केल्या. त्या तिने घेतल्या. मग हातोडी खाली ठेवून विचारलं, "पर साहेब, ते इरघळलं कसं? आन गुन कुठं गेला? म्या लई इचार केला, मला उमगंना."

शरच्चंद्र खडीवर बसला. त्याने तिला समजावून सांगितलं: ती पावडर धातूला कशी धरते, भुकटी कशी सुटते, पाण्याबरोबर कशी वाहून जाते. दोनदा मध्ये थांबवून तिने प्रश्न विचारले. दुसरा प्रश्न असा होता की पावडर थोडी कमी घातली तर निम्मी भुकटी राहील का. तो त्यालाही सुचला नव्हता.

"असं हाय व्हय," ती म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर समाधान होतं. "हे तवाच सांगितलं असतं तर दोघांनी मिळून बघितलं असतं की."

मुकादमाने शिट्टी वाजवली. चांगुणाने बाटल्या पदराखाली सावलीत ठेवल्या आणि हातोडी उचलली. शरच्चंद्र उठला. त्याला तिचं आडनाव विचारायचं होतं, पण ते आता विचारायची त्याला लाज वाटली. जामखेडची गाडी फाट्यावर येईपर्यंत तो बांधावर उभा राहून तिच्याकडे बघत होता. तिने मान वर केली नाही.