कडुनिंबाच्या बाजूचं पाणी

सोनिपतच्या पुढे, पानिपतकडे जाणारा हायवे सोडून आत वळलं की एक गाव लागतं. तिथल्या विहिरीचं माप अश्लेषा सात वर्षं घेत होती. भूजल खात्याच्या यादीत त्या विहिरीला नंबर होता, अश्लेषासाठी ती नुसती 'माझी विहीर' होती. तिच्या बाळंतपणाच्या रजेत खात्यातल्याच अमोलने दोनदा माप घेतलं आणि दोन्ही वेळा 'कोरडी' असा शेरा मारून मोकळा झाला. आता तिसऱ्यांदाही कोरडी आली तर विहीर यादीतून बाद, असं तिच्या साहेबांनी, भाऊसाहेबांनी, बजावलं होतं. चाळीस वर्षांच्या नोंदी, आणि पुढे नुसती एक आडवी रेघ!

म्हणून नोव्हेंबरच्या फेरीला ती स्वतः निघाली. सात महिन्यांची सृष्टी अजून अंगावर पिणारी, म्हणून तीही निघाली. आणि सृष्टी निघाली म्हटल्यावर सासूबाई कशाला मागे राहतात? खात्याच्या जीपमध्ये मोजायचं सामान कमी आणि दुपटी जास्त झाली.

विहिरीच्या कठड्यावर लाल बाण रंगवलेला होता. माप दर वेळी त्या बाणावरूनच घ्यायचं, नाहीतर मागच्या आकड्याशी ताळा बसत नाही. अश्लेषाने टेप आत सोडली. टोकाला बोटाएवढा धातूचा दांडुका, तो पाण्याला लागला की वरची चकरी पीं करते. दहा मीटर, बारा, चौदा... आणि टेप ढिली पडली. पीं नाही की काही नाही. वर घेतली, परत सोडली. पुन्हा चौदावर ढिली. दांडुका कोरडा ठणठणीत. गाळ भरला असणार, तिने मनाशी म्हटलं. अमोल खोटं बोलला नव्हता तर.

इकडे सासूबाईंनी, कुमुदिनीबाईंनी, सृष्टीला कडेवर घेऊन शेजारच्या अंगणात बैठक मारली होती. भरतो नावाच्या म्हाताऱ्या बाईला त्या आपल्या खास हिंदीत गाऱ्हाणं सांगत होत्या, की सव्वा महिन्याला बाळंतिणीने विहिरीवर जाऊन पाणी पुजायचं असतं, पण फरीदाबादला सातव्या मजल्यावर विहीर आणायची कुठून? शेवटी बेसिनच्या नळाला हळदकुंकू लावलं हो! ते ऐकून भरतो ताडकन उठली. पाणी पुजल्याशिवाय बाळंतीण विहिरीवर उभी, आणि आमच्या गावात?

पाच मिनिटांत आठ-दहा बायका, एक ढोलक आणि पूजेचं ताट. हरयाणात या समारंभाला केवढा मान, पण तो बहुतेक मुलगा झाला तरच! मुलगा का, असं एकीने विचारलं. मुलगी आहे कळल्यावर क्षणभर ढोलक थांबली. भरतोने त्या बाईकडे असं पाहिलं की ढोलक दुप्पट जोरात सुरू झाली. अश्लेषाच्या चमकत्या नारिंगी जाकिटावर पिवळी ओढणी आली, कपाळावर टिळा आला. आधी काम करू द्या, म्हणून ती विनवत होती, पण ऐकतंय कोण.

"अगं, नारळ कुठाय?" कुमुदिनीबाई गर्दीतून ओरडल्या. त्या नाचत होत्या.

शेवटी भरतोने दोरीला बांधलेला तांब्या तिच्या हातात दिला. पूजा झाली की बाळंतिणीने स्वतः पाणी ओढायचं. कोरड्या विहिरीतून काय ओढू, असं मनात म्हणत अश्लेषा सवयीने बाणाजवळ गेली. भरतोने तिला दंडाला धरून फिरवलं.

"उधर से नहीं, बेटी. उधर सब चुनरियाँ अटकी पडी हैं. नीम की तरफ से डाल."

अश्लेषाने वाकून बाणाखाली पाहिलं. वर्षानुवर्षं पूजेत वाहिलेल्या ओढण्या, आणि त्या बाणाखालच्याच कपारीत! दांडुका गाळावर नाही, त्यांच्यावर टेकत होता. गावातल्या प्रत्येक सुनेला ठाऊक, खात्यात कोणालाच नाही.

तांब्या कडुनिंबाच्या बाजूने खाली गेला. गेला, गेला, आणि डुबुक.

तिने तांब्या भरतोच्या हाती कोंबला आणि टेपकडे धाव घेतली. सोळा मीटर बेचाळीस. पीं! पण ढोलकीत ते नीट ऐकू येईना. मग तिने ओढणी कमरेला खोचून हात जोडले आणि सगळ्यांना फक्त दोन मिनिटं मागितली. बायका चिडीचूप. दुसरं माप, तोच आकडा. हा कठडा बाणापेक्षा किती उंच, ते पाहायला पारदर्शक नळीत पाणी भरलं. नळीचं एक टोक तिने धरलं, दुसरं बायकांतल्या दोघींनी, खिदळत खिदळत. चार सेंटीमीटर उंच. ते वजा करून तिने रजिस्टरमध्ये लिहिलं: १६.३८. घाईत आठाचं पोट वाकडं आलं.

भाऊसाहेबांना फोन लावला. सगळं सांगून आकडा वाचून दाखवला.

"मागे हा आवाज कसला?"

"सर, सृष्टीचा कार्यक्रम चाललाय."

"विहिरीवर?"

"हो सर."

"मग जानेवारीच्या फेरीलाही तूच जा. आणि अमोलला घेऊन जा बरोबर, त्याला ती कडुनिंबाची बाजू दाखव."

फोन खिशात टाकेपर्यंत बायकांनी तिला आत ओढलं. सृष्टी आजीच्या कडेवरून हात पसरून तिच्याकडे झेपावली. लेकीला छातीशी धरून, बूट घातलेल्या पायांनी, काहीही ताल नसताना अश्लेषा गोल गोल फिरू लागली.